पुसलेल्या संगणकीय फाइली : पुनर्प्राप्ती आणि कायमचे नष्टीकरण

संगणक, मोबाइल फोन, पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड यांवरून काढून टाकलेली फाइल पुन्हा हस्तगत करण्याच्या प्रक्रियेस विदा-पुनर्प्राप्ती किंवा रूढ शब्दांत ‘डेटा रिकव्हरी’ असे म्हणतात. याउलट, काढून टाकलेली फाइल कोणत्याही साधनाने परत मिळू नये अशी व्यवस्था करणे म्हणजे कायमचे नष्टीकरण होय. या दोन प्रक्रिया परस्परविरोधी असल्या, तरी दोहोंचे मूळ एकच आहे. बहुतेक संगणकप्रणाली फाइल ‘डिलीट’ करताना तिचा मजकूर नष्ट करीत नाहीत. त्या मजकुराची केवळ नोंद रद्द करतात. नजरचुकीने फाइल गमावलेल्या माणसाला यात आशा आहे आणि जुना संगणक भंगारात देणाऱ्याला यातच धोका आहे. एसएसडी व कूटबद्ध साठवण असलेले फोन सर्रास वापरात आल्यापासून मात्र या चित्रात मोठा पालट झाला आहे. संगणक-वर्गांत वर्षानुवर्षे सांगितले गेलेले काही नियम आता जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

प्रस्तुत लेखातील स्थानिक उदाहरणे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील, विशेषतः पालघर शहर व बोईसर-तारापूर औद्योगिक परिसरातील नित्य व्यवहारांवर आधारलेली आहेत.

फाइल ‘डिलीट’ होते म्हणजे काय होते

मराठीत ‘पुसणे’ म्हटले की पाटी डोळ्यांसमोर येते आणि त्यामुळे थोडी दिशाभूल होते. पाटीवरचे अक्षर पुसले की ते जाते. संगणकातील अक्षर तसे जात नाही. त्यापेक्षा सातबाऱ्याचे उदाहरण अधिक जुळणारे आहे. सातबाऱ्यावरील नाव कमी झाले म्हणून शेत नाहीसे होत नाही. शेत जागेवरच असते, मात्र आता ते दुसऱ्या कोणाच्या नावे चढू शकते. संगणकाच्या डिस्कवरही अशीच एक नोंदवही असते. कोणती फाइल, कोणत्या नावाची, डिस्कच्या कोणत्या भागांत पसरलेली, याची नोंद तीत असते. फाइल डिलीट केली की नोंदवहीत ‘ही जागा मोकळी’ असा शेरा पडतो. मजकूर मात्र दुसरी एखादी फाइल त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत तेथेच राहतो.

विंडोज ९५ पासून विंडोज प्रणालीत ‘रिसायकल बिन’ ही सोय आली. त्यात गेलेली फाइल तर नोंदवहीतूनही गेलेली नसते. तिची जागा तेवढी बदललेली असते. बिन रिकामा केला, शिफ्टची कळ दाबून डिलीट केले किंवा पेनड्राइव्हवरची फाइल काढली, म्हणजे नोंद रद्द होते. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल सामान्यतः रिसायकल बिनमध्ये जातच नाही, ही गोष्ट अनेकांना फाइल गेल्यावरच कळते.

नोंद रद्द करण्याची रीत प्रत्येक फाइल-व्यवस्थेत निराळी आहे. पेनड्राइव्ह व मेमरी कार्डांवर आढळणाऱ्या फॅट व्यवस्थेत फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर एका ठरावीक खुणेने बदलले जाते आणि तिचे तुकडे कोठे कोठे आहेत हे सांगणारी साखळी शून्यवत केली जाते. म्हणूनच जुन्या पुनर्प्राप्ती-साधनांत परत आलेल्या फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर हरवलेले दिसे आणि ते वापरणाऱ्याने स्वतः भरावे लागे. विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेत प्रत्येक फाइलीची स्वतंत्र नोंद असते. डिलीट केल्यावर ती ‘वापरात नाही’ अशी चिन्हांकित होते, परंतु नाव, तारीख व ठिकाण हा तपशील बराच काळ तसाच राहू शकतो. फाइल अगदीच लहान, म्हणजे काहीशे बाइटांची असेल, तर तिचा मजकूरही त्या नोंदीतच मावलेला असतो. लिनक्समधील ईएक्सटी४ व्यवस्था डिलीट करताना मजकुराचा पत्ताच नोंदीतून काढून टाकते. त्यामुळे तेथे नावानिशी फाइल परत मिळवणे पुष्कळ कठीण जाते.

या त्रुटीचा, किंवा सोयीचा, पहिला मोठा लोकोपयोगी वापर अमेरिकेतील पीटर नॉर्टन यांनी केला. १९८२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘नॉर्टन युटिलिटीज’ या संचातील ‘अनइरेज’ हे साधन याच तत्त्वावर चालत असे.

पुनर्प्राप्ती

फाइल गेल्याचे लक्षात येताच त्या डिस्कवर काहीही नवे लिहिले जाणार नाही याची काळजी घेणे, हा पुनर्प्राप्तीचा पहिला नियम आहे. व्यवहारात सर्वांत जास्त मोडला जाणारा नियमही हाच होय. घाबरलेला माणूस इंटरनेटवर शोध घेतो, एखादे पुनर्प्राप्ती-साधन उतरवून घेतो आणि ते त्याच डिस्कवर बसवतो. हरवलेल्या फाइलीच्या जागेवर नेमके ते साधनच लिहिले जाण्याचा संभव असतो. ब्राउझर उघडा ठेवणेही निर्धोक नाही, कारण पाहिलेल्या प्रत्येक पानाचे तुकडे तो डिस्कवर साठवत असतो. फाइल खरोखरच मोलाची असेल, तर संगणक बंद करून ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेसह जशीच्या तशी नक्कल, करून घ्यावी. पुढचे प्रयोग त्या नकलेवर करावेत. मूळ डिस्कला पुन्हा हात लावू नये.

अर्थात त्याआधी साध्या जागा पाहाव्यात. हरवलेल्या फाइलींपैकी बऱ्याच फाइली हरवलेल्या नसतातच. त्या भलत्याच फोल्डरमध्ये जतन झालेल्या असतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले छायाचित्र ६० दिवस, तर आयफोनच्या ‘अलीकडे हटवलेले’ या संग्रहात ३० दिवस राहते. ज्याला कोणाला ती फाइल पूर्वी ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल, त्याच्याकडे तिची प्रत असते. शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर गेला, तर तो पहिल्यांदा छापखान्यात विचारावा.

यातून काही न साधल्यास पुनर्प्राप्ती-साधनांचा आधार घ्यावा लागतो. ती दोन रीतींनी काम करतात. पहिल्या रीतीत रद्द झालेल्या नोंदी वाचून फाइल नावानिशी परत आणली जाते. ‘रेकुव्हा’ आणि मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये उपलब्ध करून दिलेले ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ ही या प्रकारची परिचित साधने होत. नोंदवही शिल्लक नसेल, उदाहरणार्थ मेमरी कार्ड फॉरमॅट झाले असेल, तर दुसरी रीत वापरतात. तीत नोंदींकडे न पाहता डिस्कचा कण न् कण तपासून फाइलींच्या ओळखखुणा शोधल्या जातात. प्रत्येक जेपीईजी छायाचित्राची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते. पीडीएफ फाइलीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतात. वर्डची नवी फाइल ही वस्तुतः एक झिप पुडके असल्याने ती झिपच्या खुणेने ओळखू येते. फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचे ‘फोटोरेक’ हे मुक्त साधन या रीतीने चालते. त्यातून शेकडो फाइली परत येतात, पण नावे व फोल्डर गमावून. त्यांची निवडानिवड करणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. शिवाय फाइल तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असेल, तर छायाचित्राचा वरचा अर्धा भाग नीट व खालचा राखाडी, असा प्रकार होतो.

मुक्त साधने असल्याने केवळ नोंद रद्द झालेल्या फाइलीसाठी मोठी रक्कम मोजण्याचे सहसा कारण नसते. डिस्क यांत्रिकदृष्ट्याच बिघडली असेल, तर गोष्ट वेगळी. हार्ड डिस्कमधून ‘टकटक’ असा आवाज येऊ लागला, तर तिचे वाचनशीर्ष निकामी झालेले असू शकते. अशी डिस्क पुन्हापुन्हा चालू करून पाहणे म्हणजे उरलेसुरले पृष्ठभागही खरवडून काढणे होय. ती केवळ धूलिरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेतच उघडावी लागते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही कोणी कोणी सांगतो. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, त्यामुळे तो वापरू नये. पुराच्या किंवा गळक्या छपराच्या पाण्याने भिजलेली डिस्कही वीज देऊन तपासू नये. पाणी वाळल्यावर त्यातले क्षार व गाळ तबकड्यांवर राहतात आणि अशी डिस्क फिरवणेच तिला घातक ठरते.

पुनर्प्राप्तीपेक्षा आधीच ठेवलेली दुसरी प्रत केव्हाही स्वस्त पडते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील असंख्य कागदी फाइली जळाल्या. राज्याच्या डेटा सेंटरमध्ये साठवलेल्या संगणकीय नोंदी मात्र वाचल्या. जळालेल्या कागदाला कोणतेही पुनर्प्राप्ती-साधन नाही. अर्थात दुसरी प्रतही त्याच टेबलाच्या खणात असेल, तर ती प्रत असून नसल्यासारखीच.

परत मिळालेल्या मराठी फाइलींची अडचण

मराठी मजकुराच्या पुनर्प्राप्तीत एक अशी अडचण येते, जिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टांतून होत असे. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच साठवली जात. केवळ त्यांचे पडद्यावरील रूप देवनागरी असे. अशी फाइल वीस वर्षांनी परत मिळवून नव्या संगणकावर उघडली, तर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक सडा दिसतो. फाइल खराब झाली असे समजून ती टाकून दिली जाते. वास्तविक ती संपूर्ण शाबूत असू शकते. मूळ फॉन्ट बसवला की मजकूर दिसू लागतो आणि परिवर्तकाच्या साहाय्याने तो युनिकोडमध्ये आणता येतो. कित्येक शाळांच्या, वाचनालयांच्या व साहित्यसंस्थांच्या १९९० नंतरच्या दोन दशकांतील स्मरणिका, अहवाल आणि वार्षिकांक याच अवस्थेत जुन्या डिस्कवर पडून आहेत. ते भंगारात देण्यापूर्वी एकदा फॉन्ट लावून पाहणे अगत्याचे आहे.

युनिकोड मजकुराच्या बाबतीत उलट एक सोय आहे. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटांत साठवले जाते आणि त्यांतील पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले असतात. सोळा आधाराच्या लेखनात ते ई०-ए४ किंवा ई०-ए५ असे लिहिले जातात. त्यामुळे डिस्कच्या ‘मोकळ्या’ भागात मराठी मजकुराचे तुकडे हुडकणे तज्ज्ञाला तुलनेने सोपे जाते. वर्डच्या नव्या फाइलींना ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्यांतील मजकूर संक्षिप्त करून साठवलेला असतो.

एसएसडी आणि मोबाइल फोन

वर सांगितलेले बहुतेक सारे फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कला लागू आहे. एसएसडीची रचना मुळातच निराळी असते. तिच्यातील लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी तो सबंध भाग कोरा करावा लागतो. लेखनाचा वेग टिकावा म्हणून संगणकप्रणाली डिलीट झालेल्या जागांची यादी एसएसडीला लगेच कळवते. या आज्ञेला ‘ट्रिम’ म्हणतात. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ती विंडोजमध्ये आहे. आज्ञा मिळाल्यावर एसएसडी आपल्या सवडीने त्या जागा कोऱ्या करते आणि तत्पूर्वीही त्या जागा वाचू पाहिल्यास बहुधा शून्येच हाती येतात. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर बिन रिकामा केल्यानंतर फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी असते. ‘डिलीट केलेले काहीही परत आणून देऊ’ ही जाहिरात अशा यंत्रांबाबत विश्वसनीय मानू नये. पेनड्राइव्ह व कॅमेऱ्यातील मेमरी कार्डांवर सहसा ट्रिम चालत नाही. लग्नसमारंभाचे छायाचित्रण केलेले कार्ड चुकून फॉरमॅट झाले, तर ते तत्काळ कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवल्यास आतील छायाचित्रे परत येण्याची शक्यता आजही चांगली असते. त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशीची हळद टिपली, तर ती शक्यता तितकी राहत नाही.

मोबाइल फोनमध्ये याच्या जोडीला कूटबद्धीकरण येते. अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या सर्व फोनांना साठवण कूटबद्ध ठेवणे बंधनकारक आहे. आयफोनमध्ये ही व्यवस्था त्याआधीपासूनची आहे. कूटबद्ध साठवणीतील मजकूर किल्लीवाचून वाचता येत नाही. फोन ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावर ही किल्लीच नष्ट होते आणि आतले सारे निरर्थक होऊन बसते. जुन्या फोनांची स्थिती अशी नव्हती. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये २१ जुने अँड्रॉइड फोन तपासले, तेव्हा रीसेट करूनही संदेश, छायाचित्रे व खात्यांचा तपशील परत मिळवता येतो असे आढळले. घरातल्या कपाटात पडलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोन विकताना हे ध्यानात ठेवावे लागते.

कायमचे पुसणे

वापरलेल्या डिस्कवर मागे काय राहते याचा प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील सिमसन गारफिंकेल व अभि शेलाट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क घेतल्या. त्यांपैकी १२९ चालत होत्या आणि केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांकही सापडले. अनेक विक्रेत्यांनी डिस्क फॉरमॅट केलेली होती. ‘फॉरमॅट’ म्हणजे पुसणे, हा त्यांचा समज चुकीचा ठरला.

विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ केवळ नवी नोंदवही घालतो. साधा, पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सर्व जागेवर शून्ये लिहितो. याला वेळ लागतो, पण घरगुती हार्ड डिस्कसाठी तो पुरेसा आहे. किती वेळा पुनर्लेखन करावे, याविषयी एक जुना समज अजून टिकून आहे. न्यूझीलंडचे पीटर गटमन यांनी १९९६ मधील निबंधात ३५ फेऱ्यांची पद्धत सुचवली होती. ती त्या काळच्या निरनिराळ्या डिस्क-प्रकारांचा एकत्रित विचार करून आखलेली होती. कोणत्याही एका डिस्कला त्या सर्व फेऱ्या लागत नव्हत्या आणि गटमन यांनी पुढे स्वतःच हे स्पष्ट केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या चुंबकीय डिस्कसाठी पुनर्लेखनाची एक फेरी सामान्यतः पुरते. तरीही ३५ फेऱ्यांचा पर्याय देणारी साधने उपलब्ध आहेत आणि रात्रभर संगणक चालू ठेवून तो निवडणारेही भेटतात.

एसएसडीवर पुनर्लेखनाचा उपाय मुळात अपुरा आहे. झीज समान राहावी म्हणून ती प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहिते. त्यामुळे आपण ज्या जागेवर लिहिले असे मानतो, ती जागा तीच असेल याची शाश्वती नसते. तेथे उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे यंत्र नवे असतानाच साठवण कूटबद्ध करून ठेवावी. मग शेवटी किल्ली नष्ट केली की काम भागते. बिघडलेल्या, म्हणजे आज्ञाच न स्वीकारणाऱ्या डिस्कसाठी भौतिक नाशाखेरीज उपाय नाही. प्रबळ चुंबक हार्ड डिस्कला निकामी करू शकतो. एसएसडी व पेनड्राइव्हवर त्याचा परिणाम होत नाही, कारण त्यांतील साठवण चुंबकीय नसते. त्यांच्या चिप्सचेच तुकडे करावे लागतात.

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तारापूर हे नाव देशभर १९६९ पासून चालणाऱ्या अणुवीज केंद्रामुळे परिचित आहे. येथील दैनंदिन जीवन मात्र बोईसरलगतच्या औद्योगिक वसाहतीभोवती फिरते. महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा यांसारख्या राज्यांतून आलेले कामगार येथे मोठ्या संख्येने आहेत. नोकरीला लागताना, खोली भाड्याने घेताना, बँकेत खाते उघडताना त्यांना आधार कार्ड, पॅन कार्ड, गुणपत्रिका यांच्या प्रती पुन्हापुन्हा काढाव्या लागतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतून पालघरला येणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांची गरज जातप्रमाणपत्र व उत्पन्नाच्या दाखल्याची असते.

ही कामे सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकाने आणि ‘आपले सरकार सेवा केंद्र’ येथे होतात. ग्राहक आपल्या फोनवरून कागदपत्र दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर किंवा ईमेलवर पाठवतो, दुकानदार ते संगणकावर उतरवून छापतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. उतरवलेली प्रत ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये साचत राहते. डिस्क भरली की दुकानदार सगळे निवडून डिलीट करतो आणि त्याच्या दृष्टीने विषय संपतो. प्रत्यक्षात संगणकात जुनी हार्ड डिस्क असेल, तर शेकडो अनोळखी माणसांच्या ओळखपत्रांच्या प्रतिमा तीवर अबाधित असू शकतात आणि संगणक विकला गेला की त्या नव्या मालकाकडे जातात. येथे कोणाचा दुष्ट हेतू असावाच असे नाही. नोंद रद्द होणे आणि मजकूर जाणे यांतील फरक ठाऊक नसला, तरी एवढे घडते. ज्याच्या ओळखपत्रावर परस्पर सिमकार्ड किंवा कर्ज घेतले जाते, त्याला मूळ गळती कोठे झाली हे शोधता येणे जवळपास अशक्य असते.

याला उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. ग्राहकाने कागदपत्र पेनड्राइव्हवर न्यावे, ते थेट पेनड्राइव्हवरून छापून घ्यावे आणि आधारची प्रत देणे चालण्यासारखे असेल तेथे पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड’ आधार वापरावे. दुकानाच्या संगणकावर आपले ईमेल खाते उघडले असेल, तर निघताना ते बंद करावे. दुकानदाराला विंडोजमध्येच असलेली ‘सायफर’ ही आज्ञा उपयोगी पडते. ‘सायफर’ या शब्दापुढे तिरपी रेघ, डब्ल्यू, अपूर्णविराम आणि ड्राइव्हचे नाव दिले, की डिस्कवरील केवळ मोकळ्या जागेवर पुनर्लेखन होते. चालू फाइलींना धक्का लागत नाही. दुकान बंद करताना ती चालू करून ठेवता येते. संगणक विकायचा झाल्यास डिस्क काढून घेऊन बाकीचे यंत्र विकणे, हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांपुढील प्रश्न थोडा वेगळा असतो. जुने संगणक घाऊक भंगारात जातात आणि त्यांत कामगारांच्या वेतनाच्या नोंदी, ग्राहकांच्या याद्या, क्वचित उत्पादनाची सूत्रेही असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जाणे अपेक्षित आहे. जिल्ह्यातच वसई पूर्वेला असे केंद्र आहे. तेथे देतानाही डिस्क नष्ट केल्याचे प्रमाणपत्र, प्रत्येक डिस्कच्या क्रमांकासह, मागून घ्यावे.

समुद्रकाठची खारी, दमट हवा आणि पावसाळ्यात अचानक जाणारी वीज हे या किनारपट्टीवरील डिस्कचे नित्याचे शत्रू होत. लेखन चालू असताना वीज गेली, तर नोंदवहीच अर्धवट राहते आणि फाइल कोणी डिलीट न करताही दिसेनाशी होते. अशा वेळी विंडोज ‘ड्राइव्ह फॉरमॅट करावा काय’ असे विचारते. त्यास नकार द्यावा आणि आधी डिस्कची प्रतिमा घ्यावी.

कायद्याच्या दृष्टीने

स्वतःची फाइल पुसणे हा गुन्हा नाही. दुसऱ्याच्या संगणकातील माहिती परवानगीवाचून पुसणे मात्र माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाईस आणि अप्रामाणिक हेतू असल्यास कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र आहे. नोकरी सोडताना रागाच्या भरात कार्यालयाच्या फाइली डिलीट करणाऱ्याला हे कलम लागू पडू शकते. न्यायालयात सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार वेगळा गुन्हा आहे. शासकीय कार्यालयांतील अभिलेखांना महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू आहे. नागरिकाच्या बाजूने पाहता, डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. झेरॉक्सच्या दुकानातील ‘डाउनलोड्स’ फोल्डरपर्यंत हा हक्क प्रत्यक्षात पोहोचणे ही वेगळी गोष्ट.

परत मिळवलेली फाइल पुरावा म्हणून द्यायची असल्यास, ती मिळाली एवढे पुरत नाही. याबाबतचा महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात झाला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की काय, हा वाद कैलास गोरंट्याल यांनी न्यायालयात नेला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफिती त्यात पुरावा म्हणून आल्या. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच व्यवस्था पुढे चालू असून प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलीचा ‘हॅश’ नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाइलीच्या संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ती संपूर्ण बदलते. मुंबईत कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी डिस्कची तपासणी करताना आधी लेखनरोधक उपकरण जोडून प्रतिमा घेतली जाते, ती याच कारणासाठी. वादातील संगणक ‘नुसता चालू करून पाहिला’, तरी विंडोज त्यावर शेकडो ठिकाणी नवे लिहून मोकळे होते.